नऊ आणि एकाच्या मधून

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याखाली चार बोटांवर पेनने आडवी रेघ ओढली. कापायचं झालं तर इथून, त्या म्हणाल्या. शुगरने अंगठा आधीच खाल्ला होता. आता काळेपणा घोट्यापर्यंत चढला होता.

गणिताच्या बाई उशीला टेकून त्या रेघेकडे बघत राहिल्या. कालपासून त्यांचं एकच पालुपद चालू होतं: आले तशी अख्खी जाईन, हप्त्याहप्त्याने नाही. धाकट्या बहिणीने विनवण्या केल्या, अबोला धरून पाहिला, शेवटी रडूनही घेतलं. बाई ढिम्म.

दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं. तापाने बाईंचे डोळे जड झाले होते. सगळी खोली त्यांना पाण्याखाली असल्यासारखी संथ हलताना दिसत होती. त्यांनी हात पुढे केला.

"पेन द्या जरा."

गाऊन मांडीवर सरकवून त्यांनी वरून खाली, फळ्यावर काढावेत तसे टपोरे अंक लिहायला घेतले. सात, तीन, नऊ, तीन. रेघेच्या जरा वर आणखी एक नऊ. त्याखाली वाकून लिहिणं जमेना, तेव्हा बहिणीने पेन घेतलं आणि ताई सांगेल तसं लिहिलं: नडगीवर एक आणि तीन, पावलावर शेवटचा तीन. ७३९३९१३३.

डॉक्टरीणबाईंना पुढचे पेशंट बघायचे होते, तरी त्या कॉटच्या कडेवर टेकल्या. ही कसली संख्या, त्यांनी विचारलं.

बाईंनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. हिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. त्यात काही विशेष नाही, अशा पुष्कळ असतात. पण हिचा शेवटचा अंक पुसला, तरी उरलेलीला भाग जात नाही. आणखी एक पुसा, तरी नाही. पुसत पुसत एकट्या सातावर आलं, तरी नाही. अशी याहून मोठी संख्याच नाही. शेवटी एखादा अंक जोडून पाहावा, तर मात्र लगेच फुटते.

बोलता बोलता त्यांनी वाकून रेघेखालचा एकाचा अंक तळहाताने झाकला. त्याखालच्या अंकांकडे पाहिलंच नाही. वर उरलेली संख्या ओठांतल्या ओठांत वाचली. त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. पुन्हा वाचली.

"नऊ आणि एकाच्या बरोबर मधून कापा," बाई म्हणाल्या. "नऊला धक्का नको."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "नाही लागणार," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भूल उतरत होती तेव्हा खिडकीत संध्याकाळ होती. चादर एका बाजूला मध्येच सपाट झाली होती. बहीण स्टुलावर बसून होती. ताई जागी झाल्यावर काय बोलायचं ते तिने दिवसभर घोकलं होतं.

बाईंनी डोळे न उघडताच तिला हाक मारली. टाच खाजतेय, म्हणाल्या.

"कुठली, ताई?"

"डावी."

बहीण त्या सपाट चादरीकडे बघत राहिली. मग उठून पायथ्याशी गेली आणि जिथे काहीच नव्हतं तिथे नखांनी हळूहळू चादर खाजवू लागली.

"जरा आतल्या बाजूला," बाई झोपेतच म्हणाल्या. "हं. तिथेच."