शिळं पाणी

“खरं सांगा, लेन्स साध्या पाण्यात ठेवता ना?” डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, तशी शालनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

उजव्या डोळ्यावर पट्टी बांधलेली त्यांची सून केतकी रडवेली झाली. “नाही हो डॉक्टर. रोज रात्री हात धुऊन नव्या सोल्यूशनमध्येच ठेवते.”

“मग पाण्यातले जंतू डोळ्यात गेले कसे? बुबुळ पोखरलंय त्यांनी. नजर परत येईलच, असं नाही सांगता येत.”

आता मात्र ताईंना राहवेना. आपल्या पोरीला खोटं पाडते ही बाई?

“अहो, बोलताय काय! आमच्या घरात रात्रीचं पाणी सकाळी कुणी वापरत नाही. पहाटे उठले की माठ, कळशी, देवापुढचा तांब्या, सगळं ओतून ताजं भरते मी. हिच्या लेन्सची डबीसुद्धा सोडत नाही. त्यातलं शिळं पाणी फेकून रोज फिल्टरचं भरते. स्वतः, या हातांनी! आणि तुम्ही हिलाच खोटं ठरवता?”

केतकीने मान वळवली आणि उरलेल्या एका डोळ्याने ती सासूच्या हातांकडे बघत राहिली.