शिडाआड

दर शर्यतीत टेलरमास्तरांची बोट उलटायची आणि दातांचे डॉक्टर स्वतःची शर्यत सोडून त्यांना पाण्यातून काढायचे. शेवटी डॉक्टरांनीच महिनाभर त्यांची शिकवणी घेतली. "शिडाची दोरी दोऱ्यासारखी ताणू नका, मास्तर. आणि मागे बघायचं नाही. मान वळली की तुमची बोट कलंडते."

आज शेवटच्या वळणावर डॉक्टरांनीच मागे पाहिलं. चार शिडं दिसली, पण मास्तरांचं पिवळं शीड कुठेच नव्हतं. माघारी फिरायला डॉक्टरांनी सुकाणू ढकललं, तसं त्यांचं शीड सरकलं आणि त्याच्याआड दडलेलं पिवळं शीड पुढे दिसलं. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला.

"अहो मास्तर, मी तुम्हाला मागे शोधतोय!"

मास्तरांनी मान वळवली नाही.

"मागे बघायचं नाही, डॉक्टर."