उसने ठोके

"तुमचे ठोके फार चुकताहेत," डॉक्टर खरवंडीकर चारुशीलाबाईंना म्हणाल्या. "चिप बसवली तर तुमचं हृदय यजमानांच्या ठोक्यांवर चालेल. नाहीतर बिघडलेला भाग जाळावा लागेल. त्यात जिवाला धोका आहे."

"चिपच बसवा," दिगंबरराव परस्पर म्हणाले.

चारुशीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. याच माणसाने त्यांचं गाणं बंद पाडलं होतं, माहेर तोडलं होतं.

"हे चिडले की माझीही छाती धडधडणार?"

"हो, तितकीच."

"मग जाळाच."

"मरशील!" दिगंबरराव खेकसले.

"मरेन. पण माझी मी मरेन."

ऑपरेशन पार पडलं. त्या शुद्धीवर आल्यावर नर्सने विचारलं, "साहेब बाहेर बसलेत. आत पाठवू?"

"नको," म्हणत चारुशीलाबाईंनी भिंतीकडे कूस बदलली.