घरभर गाणी

वनजानं फोनवर बोट फिरवलं आणि देवघरातला डबा गाऊ लागला. नर्मदाबाईंनी हातातली घंटा खाली ठेवली.

"बंद कर गं ते. देवाला तरी निवांत बसू दे."

सुनेचे ओठ हलले. काय म्हणाली ते तिचं तिला ठाऊक. आताशा या घरात सगळे तोंडातल्या तोंडातच बोलत. पूर्वी असं नव्हतं.

म्हैसूरच्या हूटगळ्ळीतल्या त्या नव्या घरात दोन महिन्यांपूर्वी मालोजीनं स्पीकरचे असे सहा डबे बसवले होते. हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, जिन्यापाशी, व्हरांड्यात, शेजारच्या कुंपणाकडच्या भिंतीवर. देवघरसुद्धा सोडलं नाही. एकच गाणं सगळ्या खोल्यांत एकदम वाजतं, याचं त्याला केवढं कौतुक!

"आई, तू कुठंही जा, गाणं तुझ्याबरोबर येतं," तो अगदी जवळ वाकून म्हणाला होता.

कौतुक कसलं डोंबलाचं! ज्याला उभ्या जन्मात धड शीळ घालता आली नाही, त्याला सेहेचाळिसाव्या वर्षी संगीताचं वेड लागतं होय? कुठंतरी पाणी मुरत होतं.

बरं, दिवसभर हे डबे मुके. नर्मदाबाईंनी देवघरात जाऊन दार लोटलं, की नवराबायकोपैकी कुणीतरी लगबगीनं फोन काढायचं आणि घरभर गाणी सुरू. तीही कशी, तर माशी गुणगुणावी तशी. फळीवरचे पेले उगाच किणकिणत. सुतारानं फळी धड ठोकली नव्हती, दुसरं काय.

शेजारच्या भागीरथीबाईंनी एकदा सांगितलं होतं, की आजकालचे डबे नुसते बोलत नाहीत, ऐकतातही. भागीरथीबाई मूळच्या मंडी मोहल्ल्यातल्या. गल्लीत मराठी बोलणारं दुसरं घर तेवढंच. बाई अगदी खेटून बसत आणि खुल्या गळ्यानं बोलत. कुजबुज नाही, लपवाछपवी नाही. नर्मदाबाईंना त्या म्हणूनच आवडत.

ऐकतात? नर्मदाबाईंनी परीक्षा घ्यायचं ठरवलं.

गुरुवारी दार लोटून त्या देवापुढे हळूच पुटपुटल्या, "नंजनगूडची रसबाळे केळी खाऊन किती दिवस झाले रे देवा."

शुक्रवारी टेबलावर रसबाळे केळ्यांचा फणा.

"कुणी सांगितलं आणायला?" त्यांनी विचारलं.

"सुम्ने, उगीच आणली अत्ते, दिसली म्हणून," वनजा जोरात म्हणाली आणि मालोजीकडे बघून गप्प झाली.

शनिवारी त्या देवाला म्हणाल्या, वनजाच्या सारात मीठ म्हणून नसतं. रविवारी सार खारट! आता संशयाला जागाच उरली नाही.

केळी आणि मीठ गेलं खड्ड्यात. त्या देवघरात रोज आणखी एक गोष्ट देवाला सांगत. सेहेचाळीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. मालोजी त्यांच्या पोटचा नव्हता. धाकट्या बहिणीचा, तुळसीचा. ती बेट्टदपुरला बाळंतपणात गेली. आठ दिवसांचं पोर नर्मदाबाईंनी पदराखाली घेतलं, आणि त्याच महिन्यात नवऱ्यानं म्हैसूरला बिऱ्हाड हलवलं. इथं कुणाला काय ठाऊक? नवरा गेल्यावर हे जाणणारं माणूस एकच राहिलं होतं, त्या स्वतः. देवा, मालूला कळू देऊ नको. मी त्याची आई नाही, हे मरेपर्यंत त्याला कळू देऊ नको. रोज एवढंच मागणं.

आणि गेले दोन महिने हे सगळं त्या डब्यासमोर!

त्या मालोजीकडे चोरून बघू लागल्या. हल्ली तो संध्याकाळी कारखान्यातून आला की त्यांच्या तळपायांना तेल चोळत बसे. कधी नव्हे ते! परवा तर डोकं त्यांच्या मांडीवर ठेवून पडला होता. हे लाड सरळ नव्हेत. कळलं असेल का? मग बोलत का नाही? एक दिवस पाय चोळता चोळता विचारेल, "मग तू माझी कोण?" त्याला काय उत्तर देणार होत्या त्या? नुसत्या विचारानं त्यांना रडू फुटलं. दुसरं कुणी नव्हतं हो त्यांना.

चार दिवस त्यांनी देवघरात ब्र काढला नाही. गाणीही वाजली नाहीत. हे तर आणखीच वाईट लक्षण.

पण नेम मोडल्यानं जीव खालीवर होत होता. सोमवारी सकाळी त्यांनी चपला घातल्या.

"मी सोडतो ना गाडीनं," मालोजी पुढे झाला.

"काही नको. ईश्वराचं देऊळ काय लांब आहे?"

देवळात सोमवारची गर्दी होती. रांगेत भागीरथीबाई दिसल्या, त्यांनी हात केला. पण नर्मदाबाईंचं लक्ष गाभाऱ्यासमोरच्या दगडी नंदीकडे होतं. त्याच्या एका कानावर तळवा ठेवायचा आणि दुसऱ्यात मागणं सांगायचं. तो ते ईश्वराला पोचवतो, तिसऱ्या कानाला पत्ता लागत नाही. इथं डबा नव्हता, तार नव्हती, वनजाचा फोन नव्हता. केवढं हायसं वाटलं!

त्या वाकल्या. नंदीच्या कानाला ओठ लावले, वर हाताचा आडोसा धरला आणि अगदी हळू, चार दिवसांचं साठलेलं सगळं सांगितलं. तुळसीचं नाव घेतलं, बेट्टदपुरचं घेतलं. मालू माझा नाही रे, पण त्याला कळू देऊ नको.

डोळे पुसून त्या सरळ झाल्या. पुजारी आरतीचं ताट हातात धरून त्यांच्याकडे बघत उभा होता. सगळी रांग बघत होती.

भागीरथीबाई घाईघाईनं पुढे आल्या. त्यांनी नर्मदाबाईंचा दंड धरला आणि तोंड कानाशी नेऊन म्हणाल्या, "अय्यो नर्मदाबाई, हळू! घरी निदान मालोजी गाणी मोठी करतो. इथं कोण करणार?"