लाल डेलिया

"मान खाली ठेव, पण पडल्यासारखी नको," बाकाकडे जाता जाता भाऊ पुटपुटले. माणिकनं मान जरा वर केली.

घाटकोपरहून मुलुंडच्या बागेत येऊन मुलगी दाखवायची, हे तिच्या वडिलांनीच, भाऊंनी ठरवलं होतं. चाळीतल्या एका खोलीत पाहुणे बसवायचे कुठे, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. आधीची चार स्थळं त्याच खोलीत पोहे खाऊन गेली होती आणि पुन्हा फिरकली नव्हती, ही गोष्ट वेगळी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. हे पाचवंही हातचं गेलं असतं, तर भाऊंचा धीरच सुटला असता.

थंडीचे दिवस होते. वाफ्यांत लाल-जांभळे डेलिया, केशरी झिनिया, पिवळी शेवंती नुसती उसळली होती. आईनं नेसवलेली हिरवी साडी त्या रंगांत मिसळून जात होती. माणिकला इतकं बरं फार दिवसांत वाटलं नव्हतं, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

मुलगा, जयवंत, मामांबरोबर आला होता. विक्रोळीच्या एका कारखान्यात कारकून, शांत चेहऱ्याचा.

"नाव काय, बाळ?" मामांनी विचारलं.

"कुंदा," भाऊच घाईनं बोलले. "घरात माणिक म्हणतो."

"आणि घरी कोण कोण?"

"आम्ही दोघं, ही, आणि हिची बहीण. बिचारीचा नवरा दोन वर्षांमागं गेला. कुठं जात-येत नाही ती."

माणिकनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"यातलं कुठलं फूल आवडतं तुम्हाला?" जयवंतनं विचारलं.

तिनं कुंपणाकडची तगर दाखवली.

"एवढे रंग सोडून पांढरं?"

"सवय झालीय," ती म्हणाली. भाऊ खोकले.

"मुलगी नाकीडोळी नीटस आहे," मामा उठत म्हणाले. "आमची पसंती समजा. महिनाभरात उरकून टाकू."

वाफ्याकडेला डेलियाचं एक लाल फूल मोडून पडलं होतं. जयवंतनं ते उचलून तिच्यापुढं धरलं. "तोडलेलं नाही हं," तो 'फुले तोडू नयेत'च्या पाटीकडे बघत म्हणाला.

स्टेशनापर्यंत माणिक रडत होती.

"रडतेस काय? जमलं ना सगळं?"

"माणूस चांगला आहे, भाऊ. म्हणून."

घरी बहीण दाराआड वाट बघत होती. चेहरा थेट माणिकचाच. फक्त लहानपणी देवी आल्या तेव्हापासून तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, आणि त्या बाजूचा पदर ती कायम पुढं ओढून घ्यायची.

माणिकनं डेलिया तिच्या हातात ठेवला. "कुंदे, तुझं जमलं गं," ती म्हणाली, आणि मोरीवर जाऊन दोन वर्षांनी लावलेलं कपाळावरचं कुंकू तिनं धुऊन टाकलं.