सोनालीचा गोंडा

शेठचा माल घेऊन हेमराजची मोटरसायकल गल्लीतून वळली आणि रंजनाने मांडीवर उरलेला वेणीचा गोंडा हातात घेतला. त्याची शेवटची गाठ घट्ट ओढलेली होती. टोकही लायटरने भाजलेलं.

“हाई काय करं वं माय!” सासूने, सुभद्राबाईंनी, कपाळाला हात लावला. “सोनालीना गोंडानी गाठ बी बांधी टाकी?”

“ध्यान नई ऱ्हायनं, आत्या. हातले सवय पडेल शे.”

सवय नाही पडणार तर काय! मरून दोरीची फुलं एकाखाली एक गुंफायची, खाली झुपका सोडायचा, शेवटची गाठ दातओठ खाऊन ओढायची आणि सुटू नये म्हणून टोक भाजून चिकटवायचं. शेठच्या दुकानात त्याला परांदा म्हणत, सुभद्राबाई आगवळ म्हणत. लग्नं दुसऱ्यांची, केस दुसऱ्यांचे, बोटं तेवढी रंजनाची.

पण घरच्या नवरीच्या गोंड्याची शेवटची गाठ सैल ठेवायची. नवरीने तो हळदीला माळायचा, तसाच सासरी न्यायचा आणि पहिल्या मुळाला माहेरी आली की आईने ती गाठ ओढायची. सुभद्राबाईंच्या घरात असंच चालत आलेलं. अर्धं राहिलेलं काम पोरीला बोलावून आणतं, असं त्या म्हणत.

सोनालीला शिरपूरच्या पलीकडे दिली होती. इथे परमुलखात, गोडादऱ्यात जन्मली, इथेच वाढली आणि आता जिथून आजी-आजोबा निघून आले तिकडेच निघाली होती. या रिवाजावर रंजनाचा विश्वास होता की नाही, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पोटातली भीती मात्र खरी होती. पोरीसाठी एवढी एक गोष्ट तरी तिला नीट करायची होती, म्हणून सकाळी शेठच्या शेवटच्या नगांबरोबर तिने हाही गोंडा करायला घेतला. तेवढ्यात खाली हेमराजचा हॉर्न. डोळे चुरचुरत होते, बोटं आखडली होती. जे हाताला लागलं ते पिशवीत भरून तिने देऊन टाकलं. उरलीसुरली दोरीही त्यातच गेली. आता नवा करायचा म्हटला तर कशाचा?

खाली मांडवात हळदीसाठी बायका जमू लागल्या होत्या. सोनाली केस सोडून पुढ्यात बसली होती. मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, “चालशे ना, मम्मी. कोण बघतंय?”

रंजनाला रडू आलं, पण रडायलाही अंगात जीव लागतो. तिने फणी घेतली आणि वेणी घालायला लागली.

वेणी संपत आली तोच हेमराज पुन्हा दारात.

“भाभी, नाक्यावर टेम्पोत भरताना शेठने माल तपासला. हा एक पीस रिजेक्ट. गाठ ढिली आहे, बघा. ओढून द्या पटकन, टेम्पो थांबलाय.”

रंजना त्याच्या हातातल्या गोंड्याकडे बघतच राहिली. तेच मरून फूल, तोच झुपका, शेवटची गाठ सैल. घाईत सोनालीचा गोंडा पिशवीत गेला होता आणि शेठचा मांडीवर राहिला होता.

सुभद्राबाईंच्याही लक्षात आलं. “मोकळा व्हता म्हनीसन घर फिरी उना,” त्या म्हणाल्या आणि बाजूला पडलेला लायटर त्यांनी हळूच कमरेला खोचला.

रंजनाने भाजलेला गोंडा हेमराजला दिला.

“एवढ्यात झाला?”

“झाला.”

तो खूश होऊन जिना उतरला. रंजनाने आलेला गोंडा वेणीत गुंफला, टोकाला बांधला. बांधता बांधता बोटं आपसूक खाली घसरली, सैल गाठीचं टोक चिमटीत आलं, आणि ओढ बसणार एवढ्यात सोनालीने मागे हात नेऊन तिचं मनगट धरलं. मोबाईल केव्हाच खाली पडला होता.

“मम्मी, राहू दे ना ती.”

रंजनाने टोक सोडलं. मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती लेकीच्या मागे बसून राहिली.