कड्यांची झूल

या माउली, जरा जवळ सरका. कीर्तन थांबवून बुवा पाणी घेताहेत तोवर आमच्या चांदूर रेल्वेकडचं एक छोटं आख्यान सांगतो.

एकट्या राहणाऱ्या सुदामजींना मोबाइलवर पाहून चिलखत विणायचा नाद लागला. तारेच्या एका कडीत चार कड्या ओवायच्या अन् पक्कडीनं तोंड मिटवायचं. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात त्यांच्या जोडीतला एक बैल गेला. पोळा जवळ आला, तसं चिलखत बाजूला ठेवून ते कड्यांच्या झुली विणू लागले.

जाळीच्या दुकानातला शाकीब तार मोजता मोजता हसला, "दादाजी, बैल एक अन् झुली दोन काहून?"

"एकट्या बैलाले पोळ्याच्या तोरणाखाली कोण उभं करते बापा? जोडी लागते. सणाच्या दिवशी ह्याले दावणीलेच ठेवू काय?"

"मंग दुसरा बैल कोणाचा आणून राहिले?"

सुदामजींनी तारेचं वेटोळं खांद्यावर टाकलं अन् घराकडे निघाले.



पोळ्याला तोरणाखाली, बैलाच्या खांद्याला खांदा लावून, दुसरी झूल पांघरलेले सुदामजी स्वतःच उभे होते.

माउली, पुरणाचा पहिला घास बैलाला भरवाल, तेव्हा त्यांची आठवण काढा.